मी चुकीचा वाचलेला 'अ‍ॅक्सीड'

तेव्हा मी बी.ए.च्या पहिल्या वर्षाला होते. पांढुर्ण्यात आमच्या गल्लीतली इंग्रजी पत्रं माझ्याकडं वाचायला यायची. मी ती भराभर वाचायची. अडखळलं की लोकांना शंका येते, हे मला कळलं होतं.

शेजारच्या काकूंचे यजमान रेल्वेत गँगमन होते, इटारसीच्याही पुढे. त्यांनी पांढुर्ण्याला बदली मागितली होती. अर्जावर घरचा पत्ता होता, म्हणून उत्तर घरीच आलं. काकू ते घेऊन थेट आमच्या दारात.

"काय लिहून राहिले वो पोरी? येऊ देतेत का तुह्या काकाले?"

पत्र चार ओळींचं. त्यात 'अ‍ॅक्सीडेड' होतं. मला माहीत होता तो 'एक्सीड', म्हणजे मर्यादेबाहेर जाणं. टाइप करणाऱ्यानं स्पेलिंग चुकवलं, असं मी ठरवून टाकलं. खाली 'फेलिंग' आणि 'लॅप्स' दिसले. नापास आणि रद्द. झालं.

"नाही म्हणून राहिले, काकू. जागा भरल्या."

"एवढ्या इंग्रजीत निस्तं नाहीच?" काकू हसल्या आणि पत्राची घडी घालून निघून गेल्या.

तिसऱ्या आठवड्यात मी सौंसरला मावशीकडं गेले. तिथं जाडजूड शब्दकोश होता. दुसरंच काही शोधताना नजर पडली: अ‍ॅक्सीड, विनंती मान्य करणे, औपचारिक लिखाणात. मिळेल त्या बसनं परतले आणि काकूंकडून पत्र मागून घेतलं. विनंती मान्य आहे, पंधरा दिवसांत हजर व्हावे, न झाल्यास आदेश रद्द. पंधरा दिवस उलटून गेले होते.

"काय झालं वो?"

"काही नाही. पुन्हा अर्ज करून पाहू."

तो अर्ज मीच लिहिला. उत्तर यायला दोन वर्षं गेली. मधल्या काळात काका सुट्टीवर आले की त्यांची धाकटी आईला विचारायची, "हे पाहुणे कवा जातेत?" सगळे हसायचे. मला हसायला जड जायचं, पण हसायची.

दुसऱ्या पत्रातही तेच क्रियापद होतं. काकूंनी गल्लीत पेढे वाटले. पहिला माझ्या तोंडात घातला.

"या पोरीनं अर्ज लिहिला, म्हणून आले ते!"

तोंड भरलेलं होतं. पेढा संपल्यावरही मी बोलले नाही.