बैठकीतली काच

देऊळघाटच्या वामनरावांचा जन्मच मुळी बैठकीसाठी झाला आहे. पंखा घेतला, बैठकीत. टीव्ही घेतला, बैठकीत. बायको तेवढी स्वयंपाकघरात.

मागच्या वैशाखात शालूबाई तिथेच चक्कर येऊन पडल्या. ओट्यासमोर पश्चिमेची मोठी खिडकी, दुपारभर ऊन थेट अंगावर. पुन्हा ऊन लागलं तर जिवावर बेतेल, असं गावातल्या डॉक्टर समतानं बजावलं. पुण्यात नोकरीला असलेल्या मुलानं, शिवमनं, आईसाठी एक नवीनच काच पाठवली. ती उन्हानं तापली की आपोआप पांढरी होते आणि ऊन बाहेरच अडवते. निवली की पुन्हा आरपार दिसतं.

वामनरावांनी ती बैठकीच्या खिडकीला बसवली. उत्तरेची खिडकी, वर पडवीचं छप्पर, पुढे कडुनिंब. ऊन पोचणार कसं? काच काही पांढरी होईना.

"वामनराव, पोरानं साधीच काच देल्ली तुमाले," शेजारचे किसनराव म्हणाले. सगळी बैठक हसली.

वामनरावांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. होती नव्हती तेवढी अक्कल लढवून त्यांनी तापलेला तवा काचेजवळ धरला. काच झाली पांढरी! मग काय विचारता, भर दुपारी माणसं बोलावून आणायची आणि आत हाक मारायची, "अवं, तवा आन लवकर! मंडळी खोळंबून राह्यली." जिला उन्हापासून वाचवायला काच आली, तीच त्या उन्हात गॅसपुढे उभी राहून तवा तापवायची. मला तर या माणसाची चीड येते.

परवा अमडापूरचे व्याही आले. चार हाका मारूनही तवा येईना, तेव्हा वामनराव तणतणत आत गेले. शालूबाई ओट्याखाली बेशुद्ध पडल्या होत्या.

समता धावत आली. तिनं त्यांना उचलून बैठकीत आणायला लावलं, सलाईन लावलं, ओल्या फडक्यांनी अंग पुसलं. बऱ्याच वेळानं शालूबाईंनी डोळे उघडले. तेव्हा कुठे समतानं मान वर करून खिडकीकडे पाहिलं.

"काका, हे काच शिवमनं काकूसाठी पाठवली व्हती ना? मंग आत काऊन नाही बसवली?"

वामनरावांना प्रश्नच समजला नाही.

"आत?" ते म्हणाले. "आत कोन येते पाहाले?"