यादीत न लिहिलेली गोळी

मी कॉलेजात जायला लागेपर्यंत आमच्या घरात तेलाची अख्खी पिशवी आलेली मी पाहिली नव्हती. तेल वाटीने यायचं, चहा पुडीने, साखर कागदात. आम्ही विदर्भातून पुण्यात आलो ते बाबांच्या कंपनीतल्या कामासाठी. दोन वर्षांत त्यांना मशीनवर फिट आली आणि कंपनीने घरी बसवलं. मग आई कोथरूडच्या सोसायट्यांमध्ये पोळ्या लाटायला जाऊ लागली. आम्ही तिघं टेकडीच्या उतारावरच्या एका खोलीत राहायचो. ज्या दिवशी जेवढं हातात, त्या दिवशी तेवढं घरात. त्यात लाजण्यासारखं काही नव्हतं, आणि मी कधी लाजलेही नाही.

बाबांची फिटची गोळीही अशीच यायची. जेवणानंतर रोज एक. कामावरून येताना आई वाटेवरच्या मेडिकलमधून चार गोळ्या आणायची. दुकानदार पट्टीचा तुकडा कात्रीने कापून द्यायचा. त्या तुकड्यावर कधी नावाची दोन अक्षरं असायची, कधी किंमत, कधी नुसती चांदी. सरकारी दवाखान्याची चिठ्ठी केव्हाच फाटली होती. पण दुकानदार आईला चेहऱ्याने ओळखायचा, तेवढ्यावर भागायचं.

मग करोना आला. टाळेबंदी लागणार अशी कुजबुज सुरू झाली त्या दिवशी आई घाबरलेलीच परत आली.

"बाई म्हणे, भरून ठेवा, आता काहीच भेटणार नाही. त्यांच्या बेडरूममंदी तांदळाचे कट्टे लागले. मी डोळ्यानं पाहून आली."

"आपल्याकडे कोठं बेडरूम हाये?" बाबा म्हणाले.

मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते, विषय रसायनशास्त्र. घरात लिहिता-वाचता येणारी मीच, म्हणून यादी मी केली. गहू, तांदूळ, तूरडाळ, तेल, मीठ, साबण, काडेपेटी, मेणबत्त्या. वहीचं पान भरलं. जुना लॅपटॉप घ्यायला साठवलेले पैसे मी काढले आणि आईबरोबर वाण्याच्या रांगेत उभी राहिले. रांग वळून बसस्टॉपपर्यंत गेली होती.

"अहो काका, एका माणसाला एकच डबा," वाणी पुढच्या गृहस्थांना सांगत होता.

"आमची मंडळी मागे उभी आहे. तिचा वेगळा."

"मंडळी कालही उभी होती. तेलाने अंघोळ करता का आपण?"

लोक हसले. हसतानाच मागचे पुढे सरकले. मीही सरकले. एका म्हातारीच्या हाताखालून मी मिठाच्या शेवटच्या दोन पिशव्या ओढल्या. हे लिहायला बरं वाटत नाही, पण ओढल्या. तेलाचा पंधरा लिटरचा डबा आम्हीही घेतला, आयुष्यात पहिल्यांदा. सामान रचल्यावर खोलीत तिघांना नीट आडवं होता येईना. डबा बाबांच्या उशाशी आला. मला मात्र अभिमान वाटत होता. शिकल्याचा उपयोग झाला, असं मी मनात म्हटलं.

गोळी यादीत नव्हती. ती आमच्या लेखी सामान नव्हतीच. ती आईच्या परतीच्या वाटेवर असायची. टाळेबंदी लागली, सोसायट्यांनी कामवाल्या बायकांना फाटक बंद केलं, आणि आईची ती वाटच उरली नाही. गोळी आणायची राहिली हे आम्हा दोघींच्या ध्यानातही आलं नाही. बाबांच्या आलं होतं. ते गप्प राहिले आणि गोळीचे दोन तुकडे करून अर्धी-अर्धी घेऊ लागले. मग तीही संपली.

गोळी संपल्यानंतरच्या तिसऱ्या सकाळी मी पुस्तक घेऊन दारात बसले होते. आत धाडकन आवाज झाला. बाबा पडले होते, आणि पडले ते तेलाच्या डब्याच्या कोपऱ्यावर. अंग ताठ, तोंडाला फेस, फेसात रक्त. शेजारणी धावल्या. कुणी कांदा आणला, कुणी चप्पल नाकाशी धरली. मी ओरडून सगळ्यांना बाजूला केलं, बाबांना कुशीवर वळवलं. झटके थांबल्यावर पाहिलं, पुढचे दोन दात तुटले होते.

"गोळी घेतली होती ना?" मी आईला विचारलं. आईने डबी उघडून माझ्यापुढे धरली. आत गोळी नव्हती, पट्टीचा रिकामा तुकडा तेवढा होता.

शुद्धीवर आल्यावर बाबा एवढंच म्हणाले, "पैसे तं सामानात गेले होते. तुले अजून कायले सांगू?"

मी तशीच निघाले. आमचं मेडिकल बंद. दुकानदार कसबा पेठेत राहायचा आणि तिथल्या गल्ल्या बांबू लावून बंद केल्या होत्या. पोलिसांच्या हातापाया पडत मी मुख्य रस्त्यावरच्या दुकानात पोचले आणि डबीत सापडलेला चांदीचा तुकडा काउंटरवर ठेवला.

"नाव काय गोळीचं?"

"फिटची आहे. पांढरी, गोल."

"अहो ताई, अर्धं दुकान पांढरं आणि गोल आहे. शिकता का काही?"

"रसायनशास्त्र."

"मग वाचा की यावर काय लिहिलंय."

वाचण्यासारखं काही नव्हतं. चार वर्षं ती गोळी घरात येत होती आणि तिचं नाव मला माहीत नव्हतं. इतकी लाज मला गरिबीची कधी वाटली नव्हती.

परत येऊन मी बंद मेडिकलच्या शटरवरचा नंबर फिरवला. फिटची गोळी म्हणताच दुकानदार म्हणाला, "पोळ्यावाल्या मावशींची मुलगी ना? अहो, मी रोज तुमच्या फोनची वाट बघत होतो." त्याने गोळीचं नाव सांगितलं, ताकद सांगितली, आणि त्या दुसऱ्या दुकानदाराला स्वतः फोन केला. मी पुन्हा तिथे गेले तेव्हा तो फळीवर शोधत होता. "परवा एकच जण सहा महिन्यांच्या घेऊन गेला," तो म्हणाला. मिठाच्या दोन पिशव्या मीही आणल्या होत्या. अखेर मागच्या खोक्यात एक पट्टी निघाली. दहाची.

घरी आले तर बाबांना दुसरी फिट येऊन गेली होती. आई त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती, मागे गव्हाची पोती. ते पूर्ण जागे होईपर्यंत आम्ही थांबलो, मग पहिली गोळी दिली. दोन दिवस मी त्यांच्याजवळून हलले नाही. तिसरी फिट आली नाही.

रस्ते उघडल्यावर मी त्यांना सरकारी दवाखान्यात नेऊन नवी चिठ्ठी करून आणली. लॅपटॉप झाला नाहीच. परीक्षा मोबाइलवर दिली. बाबा वाचले, आणि त्यांची गोळी पुन्हा एकदाही चुकली नाही. त्याच वर्षी मी पहिल्या वर्गात बी.एस्सी. झाले. आमच्या घराण्यातली पहिली पदवी माझी आहे.