खालचा धैवत

शेजारच्या बाल्कनीत संध्याकाळी काका युकुलेले घेऊन बसतात. नातीनं चार दिवस वाजवून टाकून दिलेलं ते चार तारांचं वाद्य त्यांच्या पोटावर खेळण्यासारखं दिसतं. नवशिक्यांना देतात ती भूपाची साधी सरगम, तीच ते वर्षभर वाजवताहेत. काकूंनीच ती शिकवली. आत भाजी निवडता निवडता त्या ओरडायच्या, "अहो, पळताय कुठं? सावकाश!"

सगळ्यात खर्जातली तार काकांनी 'सा' म्हणून धरली आहे. त्याखाली या वाद्यात स्वरच नाही. सरगम मात्र एका ठिकाणी 'सा'च्या खाली, धैवतावर उतरते. तिथं काकांचं बोट थांबायचं आणि तेवढा एक स्वर काकू आतून गायच्या. मग काका पुढे निघायचे.

दिवाळीआधी काकू गेल्या. त्यांच्या साड्या वाटून झाल्या, चष्माही कुणी तरी नेला. काका वाजवतात आणि त्या जागी अजून थांबतात. एवढं भरलेलं घर रिकामं झालं, पण मला ते रिकामपण ऐकू येतं ते त्या एका मात्रेपुरतं. भिंतीअलीकडे माझाही हात पोळपाटावर थांबतो.

काल न राहवून मी म्हटलं, "काका, सा पुढच्या तारेवर धरा ना. खालचा धैवत मिळेल तुम्हाला."

"ठाऊक आहे गं," काका तार पुसत म्हणाले. "पण मग हिनं कुठं गायचं?"