पेटीवर बसलेले माझे साडू

सोमवार, १५ जून, सकाळी साडेदहा. नवी वस्तू वापरात येण्यापासून वाचवणे ही जर विद्या असेल, तर तिचा माझ्या साडूंइतका मोठा पंडित अख्ख्या मराठवाड्यात झाला नाही, याबद्दल माझी त्या वेळी कायमची खात्री पटली. आमच्या बायका सख्ख्या बहिणी. त्यामुळे घरी ते माझे साडू; विद्यापीठात ते भूगर्भशास्त्राचे विभागप्रमुख आणि मी त्यांच्या हाताखालचा रीडर. पहिले नाते लग्नाने आले, दुसरे सेवाज्येष्ठतेने. माझे मत दोन्ही वेळा कोणी विचारले नाही.

त्यांच्या घरी बसणे हे धाडसाचे काम होते. सोफ्यावरचे कारखान्यातले प्लास्टिक त्यांनी कधीच काढले नाही. एकदा चहाचा कप हातात घेऊन मी त्यावर टेकलो आणि घसरून थेट फरशीवर आलो. साडू स्वयंपाकघरातून धावत आले, वाकले, काळजीने निरखून पाहिले आणि म्हणाले, ‘‘प्लास्टिक फाटलं नाय ना?’’ सासऱ्यांनी लग्नात दिलेले मनगटी घड्याळ मखमली डबीत असे. रोज सकाळी ते डबी उघडत, घड्याळाला किल्ली देत, वेळ पाहत आणि डबी बंद करून ती वेळ डोक्यात ठेवून विद्यापीठात येत. दुपारनंतर ते मलाच वेळ विचारत. स्कूटरसाठी त्यांनी नंबर लावला तेव्हा वाळूजच्या माळावर मेंढरे चरत होती. स्कूटर हाती आली तोवर तिथे कारखान्यांच्या रांगा उभ्या राहिल्या होत्या. इतक्या प्रतीक्षेने आलेली ती गाडी औरंगपुऱ्याच्या गर्दीत खरचटेल म्हणून ते कोपऱ्यावरच उतरत आणि सबंध बाजार ती हाताने ढकलत नेत. भाजीवाली विचारी, ‘‘काका, बंद पडली का?’’ साडू ताठ मानेने सांगत, ‘‘नाय बाई. नवीन आहे.’’

फ्रीज आला तो खोक्यातच राहिला. खोक्यावर त्यांनी भरतकामाचे कापड अंथरले आणि वर फुलदाणी ठेवली. पुढच्या उन्हाळ्यात माझ्या पत्नीला विषमज्वर झाला. ताप उतरेना. डॉक्टरांनी बर्फाच्या पट्ट्या ठेवायला सांगितले. शहरात संचारबंदी होती आणि बर्फ कुठेच मिळत नव्हता. साडूंच्या कानावर हे गेले तेव्हा त्यांनी फुलदाणी उचलून बाजूला ठेवण्याइतकाही वेळ घालवला नाही. ती पडली आणि फुटली. खोके त्यांनी हातांनी फाडले. संध्याकाळी बर्फाचा डबा टॉवेलात गुंडाळून, पोलिसांना चुकवीत, गल्लीबोळांतून पायी ते आमच्या दारात येऊन उभे राहिले. पत्नी बरी झाली. फ्रीज पुन्हा खोक्यात गेला आणि फाटलेल्या खोक्याला सुतळी बांधली गेली. हे मी न्यायाला धरून नोंदवतो. आता रागाकडे येतो.

विभागाच्या आधुनिकीकरणासाठी अनुदान मंजूर झाले होते. प्रयोगशाळेला नवे ओटे, विजेची नवी जोडणी आणि विभागाचा पहिला संगणक. तो मुंबईहून लाकडी पेटीत आला आणि साडूंच्या खोलीशेजारी ठेवला गेला. आमच्याकडे पद्धत अशी, की खुर्ची असो वा सूक्ष्मदर्शक, प्रत्येक टिकाऊ वस्तूवर पांढऱ्या ऑइलपेंटने विद्यापीठाचे नाव, विभाग आणि मालमत्तेचा क्रमांक घातल्याशिवाय ती वापरायला काढायची नाही. साडू हे काम पेंटरला देत नसत. त्यांचे अक्षर सुरेख होते. ते स्वतः बारीक ब्रश घेऊन बसत. आणि त्या वर्षांत विद्यापीठाचे नावच वादात होते. विधिमंडळात ठराव होऊन वर्षे लोटली होती. मोर्चे झाले, सत्याग्रह झाले, जाळपोळ झाली, माणसे मेली. नवे नाव लागत नव्हते आणि जुने टिकेल असेही कोणी छातीठोकपणे सांगत नव्हते. साडूंनी ब्रश खाली ठेवला.

‘‘साडभाऊ, नाव ठरू द्या. एकदाच घालू. दोनदा घातलं की खालचं दिसतं.’’

पुरावा म्हणून ते मला प्रयोगशाळेतल्या सागवानी टेबलाकडे नेत. ते टेबल निजामाच्या काळातल्या कुठल्याशा शाळेतून फिरत फिरत आमच्याकडे आलेले. खिडकीतून तिरपे ऊन पडले की आमच्या मराठी नावाखाली इंग्रजी अक्षरे दिसत आणि त्यांच्याखाली उर्दू अक्षरांचे वळण. ‘‘बघा,’’ साडू म्हणत, ‘‘तिघांपैकी कोणीच उठायला तयार नाय.’’

यंत्र पेटीत राहिले. एक उन्हाळा गेला, दुसरा गेला. साडूंनी पेटीची हयगय केली असे मात्र कोणी म्हणू नये. वाळवी लागू नये म्हणून ती विटांवर चढवली होती. विटांभोवती कडुलिंबाचा पाला, फटींत डांबराच्या गोळ्या. पावसाळ्यात छत गळू लागले तेव्हा त्यांनी पेटीला रेनकोट घातला. तो त्यांचा स्वतःचा होता, अर्थातच कोरा. गुंड्यासुद्धा लावल्या होत्या.

मी वर तक्रार केली. हा विभागप्रमुखांच्या अखत्यारीतला प्रश्न आहे, असे मला सांगण्यात आले. सांगणाऱ्याच्या मागच्या नव्या कपाटावरही नाव घातलेले नव्हते. त्या इमारतीत सगळेच घाबरलेले होते. त्यांत एकट्या साडूंची भीती प्रामाणिक होती. ती फक्त ओरखड्याची होती. एके दिवशी नामांतराला विरोध करणारी पोरे त्यांच्याकडे आली. ‘‘जुनं नाव का घालत नाय, सर? फितूर झालात काय?’’ ती गेली आणि दुसऱ्या बाजूची आली. ‘‘आम्ही हरायची वाट बघताय काय, सर?’’ साडूंनी दोघांनाही कान तुटलेल्या कपांतून चहा पाजला आणि दोघांनाही टेबल दाखवले. दोघेही तितकेच चिडून गेले. माझे स्वतःचे मत स्पष्ट होते. नाव बदलायला हवे होते, आणि त्याला इतकी वर्षे लागावीत याची प्रत्येक शहाण्या माणसाला लाज वाटायला हवी होती. पण पेटी उघडण्याशी या मताचा काय संबंध, हे मला आजही कोणी समजावून सांगितलेले नाही.

त्या सोमवारी साडेदहाला विभागातल्या माझ्या खोलीच्या दारात उभा होता तो माझा संशोधक विद्यार्थी. वैजापूर तालुक्यातला, गावाबाहेरच्या वस्तीतला. दंगलीत त्या वस्तीतली घरे जळाली तेव्हा तो शाळेत शिकत होता. पुढे नामांतराच्या सत्याग्रहात तुरुंगातही जाऊन आला. आपल्या तालुक्यातल्या विहिरींचे पाणी ऋतुमानाप्रमाणे कसे चढते-उतरते ते त्याने सायकलवर हिंडून, दोरीला वजन बांधून मोजले होते. आकड्यांचा डोंगर जमला होता. हाताने सोडवायला त्याला वर्ष पुरले नसते; यंत्रावर काही आठवड्यांचे काम होते. त्यासाठी तो थांबला होता. शिष्यवृत्ती मात्र थांबली नाही. ती मे महिन्यात संपली.

‘‘सर, वाळूजला कंपनीत लागलो,’’ तो म्हणाला. ‘‘उद्यापासून. पाळी कोणती ते आज पाचच्या आत सांगायचंय. पहिलीला कंपनीची बस हाय, कँटीन हाय. दुसरी मागितली तर सकाळी इथं येऊन काम करता येईल. पण कशाला येऊ? पेटीला फडकं मारायला?’’

‘‘पहिली घेतली तर प्रबंध?’’

‘‘संपला, सर.’’

मी उठलो. भूगर्भशास्त्राच्या विभागात हातोड्यांची वाण नसते. कपाटातून खडक फोडायचा सर्वांत जड हातोडा काढला आणि चालू लागलो. विद्यार्थी मागे. माझ्या पावलांचा आवाज साडूंनी ओळखला असावा. मी पोचलो तेव्हा ते पेटीवर मांडी घालून बसले होते आणि मांडीवर जेवणाचा डबा उघडा होता.

‘‘उठा,’’ मी म्हणालो.

‘‘जेवतोय.’’

‘‘या वेळी?’’

‘‘घड्याळ घरी आहे.’’

‘‘उठा, नाहीतर तुमच्यासकट फोडतो.’’

‘‘फोडा. ओरखडा आला तर उत्तर तुम्ही द्या, साडभाऊ. सरकारी वस्तू आहे.’’

यानंतर मी ज्या आवाजात बोललो तो आवाज मी पूर्वी कधी वापरला नव्हता. ‘‘या नावापायी माणसं जळाली आणि तुम्ही त्याचा रंगाचा प्रश्न केलात. तुम्हाला जुनं नाव नकोय आणि नवंही नकोय. तुम्हाला फक्त वस्तू कोरी हवीय. हा मुलगा दोन वर्षं तुमच्या दारात उभा आहे. त्याच्यावर ओरखडे पडले ते तुम्हाला दिसले नाहीत?’’

साडूंचा घास हातातच राहिला. विद्यार्थ्याने माझ्या हातातून हातोडा हळूच काढून घेतला.

‘‘सर,’’ तो साडूंना म्हणाला, ‘‘नावासाठी मी जेलात राहून आलोय. नाव लागणार. आज नाय तर उद्या, पण लागणार. ते मला गेटावर पायजे. ह्या मशीनवर नसलं तरी चालंल. ह्याच्यातून मला विहिरींचं पाणी काढायचंय.’’

‘‘दोनदा घातलं की...’’ साडूंनी सुरुवात केली.

‘‘फ्रीज कशाला उघडला होता?’’ मी विचारले.

ते माझ्याकडे वळले. ‘‘तिथं माणूस आजारी होतं. ताई होत्या.’’

‘‘इथंबी माणूसच हाय, सर,’’ विद्यार्थी म्हणाला.

तो हे रागाने बोलला नाही. रागाने बोलला असता तर साडू बसूनच राहिले असते. त्यांनी डब्याचे झाकण लावले, हात धुऊन आले आणि पेटीवरून रेनकोट उतरवला. गुंड्या एकेक करून काढल्या.

खोके फाडले तशी पेटी फाडतील असे मला वाटले होते. तसे झाले नाही. त्यांनी पक्कड आणली आणि एकेक खिळा उपसायला सुरुवात केली. उपसलेला खिळा फरशीवर ठेवून हलक्या हाताने ठोकून सरळ करायचा, फुंकर मारायची, पत्र्याच्या एका रिकाम्या डब्यात टाकायचा, मग पुढचा. मी खिडकीशी उभा राहून मनातल्या मनात जे बोललो ते लिहिण्यासारखे नाही. जोडणीसाठी छावणीतून वीजमिस्त्री बोलावला होता. तो यंत्र पाहून चकित झाला. ‘‘साब, ये तो एकदम नवा है. कब आया?’’

‘‘दोन वर्षं झाली,’’ साडू अभिमानाने म्हणाले.

‘‘दो साल से बक्से में? काय को, साब?’’

प्रश्न बरोबर होता. हमीची मुदत पेटीतच संपली होती, हेही त्याच वेळी कागदपत्रांवरून कळले. तरी बटण दाबल्यावर पडदा उजळला आणि त्यावर हिरवी अक्षरे उमटली. विद्यार्थी वाकून ती वाचत राहिला. मग त्याने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले. चार वाजून गेले होते. वाळूज लांब, आणि त्याच्याकडे सायकल.

साडूंनी खिशातून स्कूटरची किल्ली काढून त्याच्यापुढे धरली. ‘‘येते चालवायला?’’

‘‘येते सर. पण ओरखडा आला तर?’’

साडूंनी किल्ली त्याच्या तळहातावर ठेवली. ‘‘दुसरी पाळी सांग,’’ ते म्हणाले. ‘‘आणि गाडी उद्या सकाळी घेऊन ये.’’

पुढचे थोडक्यात सांगतो. तो सकाळी यंत्रावर बसे आणि दुपारी कारखान्यात जाई. आठवड्यांच्या कामाला त्यामुळे महिने लागले, मग आणखी महिने, आणि त्याचे पदवीपत्र छापले गेले तेव्हा नामविस्तार होऊन गेला होता. ज्या नावासाठी तो तुरुंगात गेला ते नाव त्या कागदावर होते. निवृत्त झालेले साडू पदवीपत्र पाहायला आले, त्यांनी ते उजेडात धरून नीट पाहिले आणि मला म्हणाले, ‘‘बघा साडभाऊ. एकदाच छापावं लागलं.’’ मी महिनाभर त्यांच्याशी बोललो नाही. त्या मुलाची दोन वर्षे कोणी परत केली नाहीत, आणि पेट्यांवर बसलेले साडू मला त्यानंतरही अनेक कचेऱ्यांत दिसले. त्यांतल्या एकाच्याही घरातून कोणासाठी बर्फ आल्याचे मी ऐकलेले नाही.

साडू आता नाहीत. सोफ्यावरचे प्लास्टिक त्यांच्या मुलीने मागच्या वर्षी काढले. खालचे कापड दुकानातून आजच आणल्यासारखे निघाले. ‘‘बसा ना, काका,’’ ती म्हणाली. मला बसवले नाही. माझा राग मात्र अजून वापरात आहे.

त्या सोमवारी विद्यार्थी गेल्यावर साडूंनी पांढऱ्या रंगाचा डबा उघडला. यंत्राच्या कडेला विभाग लिहिला, क्रमांक लिहिला आणि त्यावर एका ओळीची जागा कोरी सोडली. ब्रश रॉकेलमध्ये धुऊन फडक्याला पुसला. मग खाली आले आणि स्कूटर उभी करण्याच्या जागेपाशी थोडा वेळ नुसतेच उभे राहिले. मी माझ्या सायकलच्या मागच्या चाकात हवा भरली, कॅरिअरवर त्यांचा कोरा रेनकोट घडी घालून बांधला आणि म्हणालो, ‘‘बसा.’’