डबा उघडला, डबा बंद

आपल्याला भूक लागते हे सरकारदरबारी पुराव्यानिशी शाबीत करून दाखवलेला माणूस दहिसरपासून मुलुंडपर्यंत एकच, आणि तो माझा सासरा आहे. आज हे मी छाती फुगवून सांगतो. मुलगी बघायला त्यांच्या विक्रोळीच्या दोन खोल्यांत पहिल्यांदा गेलो, तेव्हा मात्र ही छाती पार आत गेली होती. सासरे, म्हणजे फौजदारसाहेब, स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून पोहे खात होते. समोर तीन खुर्च्या रिकाम्या. आमच्या हातात बशा येईपर्यंत त्यांची बशी धुऊन पालथी पडलीसुद्धा होती. माझ्या आईने अदबीने विचारलं, कुठं निघायचंय का? ते म्हणाले, नाही, आज सुट्टी आहे. मुलगी आईला फार आवडली, पण सासऱ्याचं काही कळेना.

कळायला मला पुढे दोन वर्षं लागली. पोलिसात तीस-बत्तीस वर्षं काढलेल्या या माणसाने ड्यूटीवर कधी बसून जेवण केलेलं नाही आणि कधी कुणाचं फुकट खाल्लेलं नाही. घाटकोपरची दहीहंडी असो, पवईचं विसर्जन असो, नाहीतर दहिसरच्या नाक्यावरची नाकाबंदी. सासूबाईंनी पहाटे भरलेला तीन कप्प्यांचा स्टीलचा डबा त्यांच्याबरोबर असायचाच. मंडळाच्या गणपतीसमोर बंदोबस्त असला तर प्रसादाचा मोदक घ्यायचे, पण आधी दानपेटीत पैसे टाकून. एकदा एका सराफाने भर उन्हात आग्रहाने सरबत पुढे केलं, तर यांनी त्याच्याकडे साधं पाणी मागितलं आणि सरबत त्याच्याच रखवालदाराला प्यायला लावलं. आता अशा माणसाबरोबर ड्यूटी करणाऱ्या बाकीच्यांचे काय हाल होत असतील, मला तर त्यांचीच दया येते.

या सगळ्याच्या मुळाशी माझी बायको आहे. ती तिसरीत असताना वर्गातल्या कुणीतरी तिला ऐकवलं, तुझे पप्पा फुकटचे वडापाव खातात, सगळे पोलीस खातात. ती रडत घरी आली. सासरे तेव्हा हवालदार होते. दुसऱ्या दिवशी वर्दी चढवून, पोरीचा हात धरून तिला पोलीस ठाण्यासमोरच्या वडापावच्या गाडीवर घेऊन गेले. दोन वडापाव घेतले, रोख पैसे दिले आणि गाडीवाल्याला म्हणाले, मी तुझ्याकडे कधी फुकट खाल्लंय का, ते हिला सांग. समोर वर्दी बघून तो बिचारा इतका घाबरला, की कानाला हात लावून ‘नाही साहेब, कधीच नाही, आईशप्पथ’ असं चारचारदा म्हणाला. पोरीचा त्याच्यावर अजिबात विश्वास बसला नाही. त्या दिवसापासून साहेबांनी डब्याबरोबर एक छोटी डायरी ठेवायला सुरुवात केली. आपण ड्यूटीवर काय खाल्लं आणि कधी खाल्लं, याची नोंद. पोरगी मोठी होईल तेव्हा वाचेल, असा हिशेब.

त्या डायऱ्या म्हणजे काय चीज आहे, हे वाचल्याशिवाय कळणार नाही. ‘डबा उघडला १.४०. मोर्चा वळला. डबा बंद १.४१.’ ‘डबा उघडला ५.१५. भात आंबलेला. डबा बंद.’ अनंत चतुर्दशीच्या अख्ख्या दिवसाची नोंद एवढीच, ‘डबा उघडला नाही.’ तक्रार नाही, शिवी नाही, हायहुय नाही. पंचनामा लिहावा तसं आपल्याच पोटाचं लिहिलेलं.

मग ते फौजदार झाले. घरात पेढे वाटले गेले आणि पुढच्याच महिन्यात त्यांचा आहार भत्ता बंद झाला. शिपाई-हवालदाराला मिळतो, अधिकाऱ्याला नाही. कारण काय, तर अधिकाऱ्याला ठाण्यात बसून निवांत जेवता येतं. ठाण्यातल्या सगळ्यांनी ते हसण्यावारी नेलं. त्या भत्त्यात दोन दिवसांची भाजी येत नाही, कशाला डोक्याला ताप, म्हणाले. आमचे साहेब हसले नाहीत. अर्जामागून अर्ज केले, सगळ्यांना एकच उत्तर आलं, आणि शेवटी थेट न्यायाधिकरणात दावा लावला. सासूबाई मालवणच्या. त्यांनी कपाळावर हात मारला आणि विचारलं, “भूक लागता ह्या सांगूक कोर्टात कित्याक जावक होया?”

मीसुद्धा जरा दबकत म्हटलं, बाबा, एवढ्याशा रकमेसाठी कशाला? ते म्हणाले, “रकमेचं सोडा हो जावई. बंदोबस्तावर उभं केलेल्या माणसाच्या जेवणाची सोय सरकार करत नसेल, तर तो दुसऱ्या कुणाचं तरी खाणारच, हे सरकारनेच धरून चाललं ना? मग माझ्या पोरीला शाळेत कुणी बोललं, त्याचं काय चुकलं?” मी मालाडला एका ऑफिसात दिवसभर टायपिंग करतो, हे त्यांनी हेरून ठेवलेलंच होतं. झालं. सगळ्या डायऱ्या पुरावा म्हणून टाइप करायचं काम माझ्या गळ्यात पडलं. वर्षभर माझ्या रविवारांची वाट लागली.

टाइप करता करता एक दिवस मी थबकलो. ‘डबा उघडला २.१०. वांगं. डबा बंद २.१०. कारण : स्वेच्छेने.’ अशा एकूण अकरा नोंदी निघाल्या. मी म्हटलं, बाबा, एवढ्या गाळूया, आपल्यावरच उलटतील. संशयिताकडे बघतात तसं माझ्याकडे बघून ते म्हणाले, पुराव्याला हात लावायचा नाही. शिवाय सासूबाईंना यातलं काही कळता कामा नये, हेही बजावलं.

पण सुनावणीला सासूबाई ठेवणीतली साडी नेसून आल्या. आणि व्हायचं तेच झालं. सरकारी वकिलांनी नेमक्या त्याच अकरा नोंदी शोधून काढल्या आणि सावकाश, एकेक करून मोठ्याने वाचल्या. वेळ होता, डबा होता, अधिकारी आपल्या मर्जीने जेवले नाहीत, असं त्यांचं म्हणणं. आमच्या बाकावर सासूबाईंनी नवऱ्याच्या पाठीकडे अशी नजर लावली, की मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. दावा बुडाला, हे मी मनात पक्कं करून टाकलं. न्यायाधिकरणाच्या सदस्यांनी चष्मा काढून विचारलं, हे तुम्ही कशासाठी लिहिलंत? सासरे सावधानमध्ये उभे होते. “साहेब, डबा बंद झाला म्हणून,” ते म्हणाले.

सदस्यांनी आणखी काही पानं उलटली. मग म्हणाले, “जो माणूस स्वतःच्या विरुद्ध जाईल ते सुद्धा लिहून ठेवतो, त्याच्या बाकीच्या पानांवर शंका घ्यायला मला जागा दिसत नाही.”

निकाल हातात आला तेव्हा बाबांना निवृत्त होऊन चार महिने झाले होते. बंदोबस्तावरच्या अधिकाऱ्यालाही भत्त्याचा हक्क आहे, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. माझ्या बायकोने तो पहिल्यापासून शेवटपर्यंत त्यांना मोठ्याने वाचून दाखवला. कागद खाली ठेवून ती म्हणाली, “पप्पा, तो वडापाववाला खरं बोलत होता.” ते उठले आणि गॅलरीत जाऊन उभे राहिले. त्या माणसाचा जावई असल्याचा मला किती अभिमान वाटला, ते मी त्यांच्या तोंडावर अजून बोललेलो नाही. म्हणून इथे लिहितो आहे.

परवा दुपारी विक्रोळीला गेलो होतो. सासूबाईंनी टेबलावर ताट वाढलं, आणि बाबा चक्क खुर्ची ओढून बसले. ताटात वांगं होतं. ती शिक्षा होती की लाड, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. ते एकेक घास चावून खात होते, पण सवय कुठे जाते? मधेच हात थांबायचा, दाराकडे बघायचे, फोनकडे बघायचे, मग पुढचा घास. जेवण झाल्यावर ते हात धुवायला मोरीत गेले. टेबलावर त्यांची डायरी उघडीच पडली होती. घरातल्या जेवणाची नोंद मी त्यात पहिल्यांदाच पाहिली.

‘ताट वाढलं १.००. वांगं. संपवलं १.२५. कुणी बोलावलं नाही.’