एका दमात एकच दिशा

क्रेनखाली उभं राहून सिग्नल देणाऱ्यानं एका दमात एकच दिशा सांगायची. वर तर वर, खाली तर खाली. हे मला माझ्या उस्तादानं पहिल्याच दिवशी सांगितलं आणि पाठीत धपाटा घालून पाठ करून घेतलं. आज रिटायर व्हायला तीन वर्षं उरलीत आणि माझी दहाच्या दहा बोटं जागेवर आहेत. माझीच नाय, माझ्या शिट्टीवर काम केलेल्या सगळ्यांची.

शेंद्र्याच्या आमच्या कंपनीत टनावारी वजनाचे रोलर उचलून मशीनमध्ये बसवावे लागतात. क्रेन चालवणारा वर, छताजवळच्या केबिनमध्ये. खालच्या माणसाचं त्याला नुसतं हेल्मेट दिसतं. रोलर आणि मशीन यांच्यामधली फट त्याला दिसत नाय, ती मला दिसते. म्हणून मी फटीकडं बघतो आणि तो माझ्या हाताकडं. वीस वर्षं आमचं असंच चाललंय. एरवी तो दखनीत बोलतो, मी मराठीत, आणि कामाच्या वेळी दोघंही तोंड मिटून. हात आणि शिट्टी, बस.

मागच्या वर्षी भिंतीवर कागद लागला. विलायतेहून नवी मशीन येणार, ती बसवायला तिथला साहेब येणार, तेव्हा इथून पुढं सगळे सिग्नल वॉकी-टॉकीवर आणि इंग्रजीत. महिनाभर क्लास, मग साहेबासमोर परीक्षा. नापास होईल त्यानं हिरवं जॅकेट आणि शिट्टी जमा करून पॅकिंगला जायचं. पॅकिंग म्हणजे दिवसभर खोक्यांना टेप चिकटवायची. काम वाईट नाय, पण माझं नाय. ही शेड व्हायच्या आधी माझी आई याच जागेवर दुसऱ्याच्या वावरात खुरपायला यायची. तिच्या पोरानं इथंच तीन-तीन टन लोखंड नुसत्या बोटांच्या इशाऱ्यावर हलवलं. ते सोडून मी टेप चिकटवू? मॅनेजरला तोंडावर सांगितलं, "जॅकेट देणार नाय."

"मग इंग्रजी शिका," तो म्हणाला.

"शिकतो की. त्यात काय."

शिकवायला उस्मानपुऱ्याहून एक मॅडम यायच्या, माझ्या पोरीच्या वयाच्या. शिफ्ट सुटली की कँटीनच्या टेबलाभोवती आम्ही सातआठ जुने घोडे वह्या घेऊन बसायचो. मॅडम हुशार. ए-बी-सी-डीत न अडकवता थेट कामाच्या शब्दांवर आल्या. अप, डाउन, लेफ्ट, राइट. एवढं तर रिक्षावाल्यालाही येतं. मग म्हणाल्या, इंग्रज माणूस रोजच्या बोलण्यात दिशा जोडीजोडीनं वापरतो, त्या जोड्या कानाला ओळखू आल्या पाहिजेत. अप अँड डाउन. इन अँड आउट. टू अँड फ्रो. बॅक अँड फोर्थ. आणि फळ्यावर पहिलं वाक्य लिहिलं: तो खोलीत अप अँड डाउन चालत होता.

मी विचारलं, "मॅडम, खोलीत जिना होता का?"

"नाही हो काका. येरझारा घालत होता."

"मग सपाट फरशीवर वर-खाली कसा गेला?"

"तसंच म्हणतात, काका."

दुसरं वाक्य होतं, किमतीवरून दुकानदाराशी बरंच बॅक अँड फोर्थ झालं. म्हणजे घासाघीस झाली. हे मला लई आवडलं. शहागंजात चादरीचा भाव करताना दोघंही जागचे हलत नाय, आणि इंग्रज म्हणतो मागं-पुढं गेले. मग मला कामाची शंका आली. "फोर्थ म्हणजे पुढं ना? मग मी नुसतं फोर्थ म्हटलं तर क्रेन पुढं जाईल का?"

मॅडम म्हणाल्या, "नुसतं फोर्थ असं कोणी म्हणत नाही. ते बॅकच्या सोबतच येतं."

"आणि फ्रो?"

"ते टूच्या सोबत."

"म्हणजे एकट्यानं घराबाहेर पडायची सोय नाय त्यांना," मी म्हटलं. सगळी कँटीन हसली, मॅडम पण हसल्या.

मी काही इंग्रजीची चेष्टा करत नव्हतो. आपल्यात पण ये-जा आहे, इकडं-तिकडं आहे, खाली-वर आहे. पोरगं दिवसभर आत-बाहेर करतंय, असं आपणही म्हणतोच. गप्पांमध्ये जोडी चालते, कारण गप्पांमध्ये कुणाचा हात चेंगरत नाय. आधी मागं का आधी पुढं, याला तिथं कोण विचारतो? क्रेनखाली मात्र तेवढंच विचारायचं असतं. हे मी मॅडमना समजावून सांगितलं. त्यांनी खडू खाली ठेवला. मग म्हणाल्या, "काका, तुमचं पटतंय मला. पण परीक्षेत साहेब बोलतील ते जसंच्या तसं वर सांगा. मार्क त्यालाच आहेत."

"बघू," मी म्हटलं.

परीक्षेच्या दिवशी साहेब आला. उंच, उन्हानं मान लाल झालेला. माणूस वाईट नव्हता, सगळ्यांना गुड मॉर्निंग घालत आला. रोलर क्रेनच्या पट्ट्यांना टांगलेला होता. मशीनच्या तोंडाशी आमचा फिटर, माझ्याच वयाचा, दिवसात दहा शब्द न बोलणारा. त्याचा एक हात रोलरच्या टोकावर आणि दुसरा रोलर बसतो त्या मशीनच्या खाचेत, रोलर नीट येतोय का ते चाचपत. मॅनेजर परीक्षेचा कागद घेऊन माझ्या शेजारी. रोलर अर्ध्या इंचानं अडला, खाचेत जाईना. साहेब माझ्याकडं वळला आणि काहीतरी लांबलचक बोलला. त्यातलं मला लख्ख ऐकू आलं ते बॅक अँड फोर्थ. म्हणजे जरा मागं-पुढं हलवा, बसेल.

"सांगा वर," मॅनेजर पुटपुटला.

मी नाय सांगितलं. दोन्ही हात आडवे पसरले. आमच्यात त्याचा अर्थ, जागच्या जागी थांब.

"काय झालं? कळलं नाही का?"

"कळलं, म्हणून तर थांबवलं. आधी मागं का आधी पुढं? फिटरचा हात खाचेत आहे."

"ते वरचा बघेल."

"वरच्याला खाच दिसत नाय."

"तुम्ही जसंच्या तसं सांगायचं, बस. नाहीतर नापास लिहीन."

"लिहा," मी म्हणालो. "मोठ्या अक्षरात लिहा."

त्यानं माझ्या हातातला वॉकी-टॉकी ओढून घेतला आणि स्वतःच बॅक अँड फोर्थ म्हणाला. क्रेन हलली नाय. वरून माझ्या दोस्ताचा आवाज आला, "भाई का हात नै दिखा तो मैं नै हलाता." मॅनेजरचा चेहरा बघण्यासारखा झाला.

साहेबाला काय चाललंय ते कळेना. मी त्याच्यापुढं जाऊन उभा राहिलो.  रिटायर व्हायला चारच वर्षं राहिली असताना हे काय करून बसलो, घरी काय सांगणार, सगळं डोक्यात येऊन गेलं. पण राग त्या सगळ्याच्या वर होता. महिनाभर शिकलेलं सगळं इंग्रजी तोंडात गोळा केलं आणि फिटरला बाजूला करून खाचेकडं बोट दाखवलं. "सर, यू पुट हँड हिअर. देन यू से बॅक अँड फोर्थ."

मॅनेजरनं डोळे मिटून घेतले. साहेबानं बाही वर सारली. मग खाली वाकला आणि खरोखर आपला हात खाचेत घातला. तसाच वाकलेला असताना मान वळवून त्यानं समोर टांगलेल्या तीन टनांकडं बघितलं. तोंड उघडलं, परत मिटलं.

"बॅक," तो म्हणाला.

मी हात केला. क्रेन बोटभर मागं सरकून थांबली. साहेबानं खाचेतली बाजू चाचपली, हात पूर्ण बाहेर काढला, पंजा उघडून मला दाखवला आणि मग म्हणाला, "फॉरवर्ड." मी परत हात केला. रोलर खाचेत जाऊन बसला.

मॅनेजरनं तरीही नापासच लिहिलं. कागदावर एवढाच प्रश्न होता, आदेश जसाच्या तसा पुढं सांगितला का. "माझा नाइलाज आहे," तो म्हणाला. "जॅकेट आणि शिट्टी द्या." मी गळ्यातली शिट्टी काढली आणि जॅकेटची चेन खाली ओढली. भांडायचं तेवढं भांडून झालं होतं.

तेवढ्यात फिटर पुढं आला. त्यानं दोन्ही हातमोजे काढले आणि मॅनेजरच्या कागदावर ठेवले.

"ह्यांचं जॅकेट घेताय तर हे पण घ्या," तो म्हणाला. "दुसऱ्याच्या शिट्टीवर माझा हात त्या खाचेत जायचा नाय."

मॅनेजरनं मोजे उचलून फिटरला परत दिले आणि कागदाची घडी करून खिशात घातली. मी चेन वर ओढली.