घाटात ती मागे का बसली?

गेल्या हिवाळ्यात आमच्या डिंडोलीच्या घरात चार दिवस वाद चालला होता. माझी मुलगी सायकलच्या शर्यतीत उतरली होती आणि ती घाट कसा चढते, यावरून बैठकीच्या खोलीतली माणसं एकमेकांवर तापत होती. तिकडे तिला याचा पत्ताही नव्हता.

शर्यत चार दिवसांची. रोज एका गावाहून दुसऱ्या गावाला जायचं, रोजचा वेळ मोजायचा आणि चारही दिवसांचा मिळून ज्या मुलीचा वेळ सगळ्यांत कमी, ती पहिली. माझी मुलगी अंगाने किडकिडीत आहे. सपाट रस्त्यावर दणकट मुली तिला सहज मागे टाकतात, पण चढ लागला की तीच मुलगी वेगळी दिसायला लागते. त्यामुळे आमच्या घरी सगळ्यांचा डोळा दुसऱ्या दिवसावर होता. त्या दिवशी वघईहून सापुताऱ्याचा घाट चढायचा होता.

सगळे म्हणजे कोण, तर माझे दीर, खालच्या मजल्यावरचे एक गुजराती काका, आमचे हे आणि मी. दीर उधन्याला एम्ब्रॉयडरीच्या कारखान्यात आहेत. तिची पहिली गियरची सायकल त्यांनीच कुणाकडून तरी जुनी मिळवून आणली होती आणि रोज सकाळी मोटारसायकलवर तिच्या मागोमाग डुमसच्या रस्त्याला तेच जायचे. त्यामुळे तिच्या सायकलीवर आपला हक्क आहे असं त्यांना वाटतं, आणि ते खोटंही नाही. काका बँकेतून निवृत्त झालेले. परदेशातल्या मोठ्या शर्यती ते टीव्हीवर बघतात आणि समोर कुणी असो नसो, त्यावर बोलत राहतात. हे सचिन गावातल्या डाइंग मिलमध्ये पाळीत असतात, घरी असले तरी फारसं बोलत नाहीत. मी मराठी शाळेत शिकवते. त्या आठवड्यात मी रजा टाकली होती.

रजा शर्यत बघायला टाकली असं मी शाळेत सांगितलं. खरं कारण असं की वर्गात माझं लक्ष लागलं नसतं. आदल्या वर्षी एका घाटाच्या उतारावर ती पडली होती. वळणावर खडी होती, चाक सरकलं, उजव्या खांद्याचं हाड मोडलं. प्लेट बसवली. पुढे कित्येक आठवडे मी तिला अंघोळ घातली, वेणी घातली, घास भरवला. ती पुन्हा सायकलवर बसली तेव्हा मी काही म्हणाले नाही. तिने विचारलंही नव्हतं.

तर दुसऱ्या दिवशी सकाळी फोन टीव्हीला जोडला. शर्यतीवाल्यांनी एका मोटारसायकलवर कॅमेरावाला बसवला होता, तो जे दाखवील ते बघायचं. काकांनी येताना नाश्त्याला गरम लोचो आणला होता. घाट सुरू झाला तेव्हा पुढच्या घोळक्यात सात-आठ मुली राहिल्या होत्या. आमची शेवटून दुसरी. एकूण वेळेत पहिल्या नंबरवर असलेल्या मुलीच्या चाकामागे ती जी चिकटली, ती चिकटलीच.

“मांगे कसाले बसनी ही?” दीर म्हणाले. ते तापले की त्यांची अहिराणी बाहेर येते. “वहिनी, घाट हिचा आहे. घाटात नाही काढलं तर काढणार कुठे? परवा सपाटीवर त्या पोरी हिला उभ्या उभ्या मागे टाकतील.”

“ए छोकरी बरोबर करे छे, बेन,” काका माझ्याकडे बघत म्हणाले. दिरांशी थेट बोलायचं त्यांनी सकाळपासूनच टाळलं होतं. मग हिंदी-मराठी मिसळून त्यांनी समजावलं की पहिल्या नंबरवालीच्या संघातल्या दोन मुली तिच्यासोबत आहेत, आमची मात्र एकटी आहे. आता पुढे गेली तर त्या दोघी आळीपाळीने वारा अंगावर घेऊन तिला पकडतील, आणि पकडलं की तिच्यात काही उरणार नाही. मागे बसलं की निदान वारा लागत नाही.

“वारा घाटात कुठे लागतो एवढा?” दीर म्हणाले.

“वघईच्या घाटात तुम्ही कधी सायकल चालवली आहे?” काकांनी आता थेट विचारलं.

“तुम्ही चालवली आहे?”

दोघांनीही चालवली नव्हती. हे हसले. मी पण हसले, पण माझं लक्ष टीव्हीवर होतं. मला डावपेचातलं काही कळत नाही. ती मागे बसली आहे, म्हणजे पुढे बसण्यापेक्षा बरं, इतकंच मला वाटत होतं. तरी मी काकांची बाजू घेतली आणि ‘वारा’, ‘ताकद राखणं’ असे शब्द वापरून दिरांशी वाद घातला.

अर्ध्या घाटात दुसऱ्याच दोन मुली अचानक सुटल्या. पहिल्या नंबरवाली त्यांच्या मागे गेली. आमची गेली नाही. उभी राहून पॅडल मारायलाही उठली नाही. बसल्या जागी, त्याच गतीने, तोंड उघडं टाकून ती चालवत राहिली. तिघी वळणाआड गेल्या.

“गई,” दीर म्हणाले आणि उठून गॅलरीत गेले. तिथून म्हणाले, “घाबरली. दुसरं काही नाही. गेल्या वर्षीचं मनात बसलं आहे तिच्या.”

“चढावर कोण घाबरतं?” मी म्हणाले. माझा आवाज जरा चढला असावा, कारण यांनी माझ्याकडे बघितलं.

“तिचं तिला ठरवू दे,” हे म्हणाले. कोणाला म्हणाले ते कळलं नाही.

नंतर काय झालं ते दिरांनी गॅलरीच्या दारातूनच पाहिलं. सुटलेल्या दोघींपैकी एक एका वळणावर अगदी रेंगाळताना दिसली. आमची तिच्याजवळून पुढे गेली, तिच्याकडे न बघता. मग दुसरीच्याही पुढे गेली. दीर आत आले, पण बसले नाहीत. “आते तरी निंघ ना पोरी,” ते टीव्हीला म्हणाले. ती निघाली नाही. त्याच गतीने वर पोहोचली, दुसरी. एकूण वेळेतही दुसरी, पहिलीपेक्षा काही सेकंदच मागे.

आता वाद मिटेल असं मला वाटलं. उलट वाढला. काका म्हणाले, बघा, दम राखला म्हणून दोघींना गाठता आलं. दीर म्हणाले, दम शिल्लक होता याचा अर्थ तो आधी वापरायला हवा होता, थोडं आधी निघाली असती तर आज पहिली असती. दोघांचंही मला पटत होतं. नंदुरबारच्या नातेवाइकांच्या ग्रुपवरही हेच सुरू झालं. ज्यांना सायकलचं पंक्चर काढता येत नाही, ते तिने कुठल्या वळणावर जोर लावायला हवा होता ते लिहीत होते. संध्याकाळी तिचा फोन आला तो दोन मिनिटांचा. जेवली का, विचारलं. जेवले म्हणाली. बाकी मी कुणाचं काही सांगितलं नाही.

तिसऱ्या दिवशी तोच घाट उतरायचा होता.

त्या सकाळी लोचो आला नाही. काका रिकाम्या हाताने येऊन कोपऱ्यात बसले. यांची पाळी होती, पण हे गेले नाहीत. घाटाच्या तोंडाशीच पुढच्या मुलींनी वेग घेतला आणि तीन-चार जणी दगड सुटल्यासारख्या खाली गेल्या. आमची पहिल्याच वळणावर ब्रेक दाबताना दिसली. त्यांच्यात आणि तिच्यात अंतर पडलं. दुसऱ्या वळणाला आणखी पडलं. मग कॅमेरावाला पुढच्या मुलींबरोबर गेला आणि जंगलात कुठेतरी चित्र थांबलं. पडद्यावर रस्ता, बांबूची झाडं आणि एका मुलीची पाठ, तशीच राहिली.

किती वेळ गेला ते मी घड्याळात बघितलं नाही. हे उठून टीव्हीच्या मागची वायर हलवून आले. काकांनी आपल्या फोनवर लावून बघितलं, तिथेही तेच. मी स्वयंपाकघरात जाऊन पाण्याची कळशी उगाच एका जागेहून दुसऱ्या जागी ठेवली. बाहेर आले तर दीर खाली जमिनीवर, टीव्हीच्या अगदी जवळ बसले होते. मला म्हणाले, “वहिनी, पहिल्या वळणाला तिने ब्रेक बरोबर लावला. मी बघितलं. सरळ असतानाच लावला, वळताना नाही.”

चित्र आलं ते एकदम वघईजवळच्या सपाट रस्त्याचं. पुढच्या मुली गेल्या. रस्ता रिकामा झाला. मग दुरून एक लाल हेल्मेट आलं, आणि तिचं ते खांदे आत घेऊन बसणं मी कुठूनही ओळखलं असतं. दोन्ही हात हँडलवर होते, दोन्ही खांदे सारखे होते. मी भिंतीला टेकून खाली बसले.

“एक नंबर गेला,” दीर म्हणाले. एकूण वेळेत दुसरीची ती तिसरी झाली होती. पण ते असं म्हणाले, जणू काही कुणीतरी चहात साखर जास्त टाकली होती, इतकंच.

संध्याकाळी तिच्याशी बोलताना मी फोन स्पीकरवर ठेवला. काकांनी विचारलं, उतारावर अंतर पडू द्यायचं हे संघाने ठरवलं होतं का?

“नाही काका,” ती म्हणाली. “कोच चिडले माझ्यावर. मी घाबरले होते. म्हणून हळू आले.”

दीर फोनजवळ सरकले. मग तीच म्हणाली, “आणि घाटात मागे बसले ते मात्र ठरवून. ते बरोबर केलं ना मी?”

“बरोबर केलं,” दीर फोनकडे वाकून म्हणाले. काकांनी त्यांच्याकडे चष्म्यावरून बघितलं, पण तेवढंच.

चौथ्या दिवशी बिलिमोऱ्यापर्यंत सपाट रस्ता होता. सगळा घोळका एकत्र पोहोचला आणि ती तिसरीच राहिली. तिला आणायला दीर एका मित्राचा टेम्पो घेऊन गेले. सायकल मागे गोणपाटांवर आडवी ठेवून, दोरीने बांधून आणली. जिन्यावरून तिची बॅग त्यांनी तिला उचलू दिली नाही. ती म्हणत राहिली, “काका, खांदा बरा आहे आता,” आणि ते म्हणत राहिले, “हो, माहीत आहे.”

दुपारी शेवभाजी आणि भाकरी केली होती. ताटावर बसल्यावर वाद पुन्हा सुरू झाला, आता काका-पुतणीचा. दिरांचं म्हणणं, त्या दोघी रेंगाळल्या तेव्हा तरी तिने जोर लावायला हवा होता. तिचं म्हणणं, तेव्हा छाती फुटायच्या बेतात होती, टीव्हीवर ते दिसत नाही. दीर म्हणाले, टीव्हीवर सगळं दिसतं. ती म्हणाली, मग पुढच्या वेळी तुम्हीच चढा, मी गॅलरीत उभी राहते. हे तोंडात घास घेऊन हसले आणि त्यांना ठसका लागला.

मी तिच्या ताटात दुसरी भाकरी वाढली, मग माझ्याही. चार दिवसांत मी धड जेवले नव्हते, हे मला तेव्हा कळलं. ती हातवारे करून सापुताऱ्याचं कुठलं तरी वळण दिरांना दाखवत होती, उजवा हात पार डोक्याच्या वर नेऊन.